लाईन गेल्यावरचा डाव

अमडापूरला बसमधून उतरलो तेव्हा भर दुपार होती आणि लाईन होती. पानठेल्यावरचा पंखा फिरत होता, मोबाईलच्या दुकानात गाणं वाजत होतं, सलूनमधला टीव्ही रिकाम्या खुर्च्यांना बातम्या सांगत होता. ज्यानं आमचा काळ पाहिला नाही त्याला यात काही दुःख दिसणार नाही. मला मात्र स्टँडवर उभ्या उभ्या एकदम परकं वाटलं. आमच्या वेळी या गावात दुपारी लाईन नसायची. नसायची म्हणजे नसायचीच. सकाळी दहाला गेलेली वीज चारला यायची आणि मधले सहा तास आख्खं गाव असं गप्प व्हायचं की शिवारात कापसाचं बोंड फुटलं तर स्टँडवर ऐकू यायचं. माझ्या सांगण्यात थोडं मीठ जास्त असतं, हे माझी बायको तुम्हाला न विचारता सांगेल. पण बोंड मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

"गिरणी काढून राह्यली बाबू," पंचफुलाकाकू दोन दिवसांपूर्वी फोनवर म्हणाल्या होत्या. "घेणारे परवा येऊन राह्यले. तुमचं काही आत असन तं पाहून जाय."

आमचं आत होतं ते एवढंच: डालड्याचा एक जुना डबा, त्यात चिंचोके आणि पत्त्यांचा एक कॅट. त्यासाठी खामगावहून बसनं येण्याची गरज नव्हती. मी आलो होतो दुसऱ्याच कामाला. पंचफुलाकाकूंना मी अठरा वर्षांपूर्वी एक खोटं सांगितलेलं आहे. तशा मी आयुष्यात ज्या थापा मारल्या त्यांचं पीठ केलं तर जिल्ह्याला वर्षभर पुरेल, पण त्या सगळ्या उडून गेल्या. ही एक तिथंच त्यांच्या घरात राहिली. दर वर्षी यायचो, चहा प्यायचो, आता सांगू मग सांगू करायचो आणि शेवटी बस पकडायचो. गिरणी गेल्यावर यायला निमित्तही उरणार नव्हतं.

काकूंनी कुलूप आधीच काढून ठेवलं होतं. त्या मागच्या घरात होत्या. मी एकटाच आत पाऊल टाकलं आणि वास आला. गिरणी बंद पडून सात-आठ वर्षं झाली तरी वास होता. ज्वारीच्या पिठाचा, तापलेल्या पट्ट्याचा, आणि त्याच्याही तळाशी कुठं तरी मिरचीचा. एका उन्हाळ्यात कुणीसं चुकून गव्हाऐवजी मिरचीचा डबा दगडात ओतला होता. त्या आठवड्यात निम्म्या अमडापूरनं तिखट पोळ्या खाल्ल्या आणि वारा तिकडचा असल्यामुळे चिखलीपर्यंत लोक शिंकत होते. दळणाच्या डब्यांची रांग जिथं लागायची ती फरशी अजून गोल गोल घासलेली दिसत होती.

ही गिरणी उत्तमकाकांची. काकूंचे यजमान. फौजेत गाडी चालवायचे. रिटायर होऊन गावी आले तेव्हा येताना एक लोखंडी पेटी आणली, एक मिशी आणली आणि पोकर आणला. गावाला तीन पत्ती ठाऊक होती, रमी ठाऊक होती, लग्नाच्या जानोशात मेंढीकोट रंगायचा. पोकर हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. ते आमच्या गावात आलं ते असं पेटीतून, हिमालयातल्या कुठल्या तरी छावणीतून, गरम मोज्यांच्या खाली दडून.

आणि खेळायला आम्ही होतो. रफीक मोटारींचं वाइंडिंग करायचा, विठ्ठलच्या मळ्यात पाण्याचा पंप होता, माझं झेरॉक्सचं दुकान होतं आणि काकांची गिरणी. चौघंही लाईनीवर जगणारे. ती गेली की चौघांचेही हात रिकामे. गिरणीचा पट्टा मंद होत होत थांबायचा, दगड एकदा घरघरून गप्प व्हायचा, हवेतलं पीठ हळूहळू खाली बसायचं, आणि त्या पांढऱ्या शांततेत काकांचा आवाज यायचा, "या बे. पाटी काढा."

ज्वारीच्या पोत्यावर गिरणीची लाकडी पाटी आडवी टाकली की टेबल तयार. पैशाचा डाव नाही, हा काकांचा पहिला हुकूम. प्रत्येकापुढं चिंचोक्यांचा ढीग. मधे एक-एक चिंचोका टाकायचा, पाच-पाच पानं घ्यायची, बोली करायची. मग नको असलेली पानं बदलून घ्यायची, जास्तीत जास्त तीन, आणि पुन्हा बोली. शेवटपर्यंत जे टिकले त्यांनी पानं दाखवायची. आणि बोली ऐकून बाकीचे सगळेच पळाले, तर पानं न दाखवताच ढीग आपला. सगळा खेळ त्या न दाखवण्यात होता.

लोणारचं सरोवर उल्का पडून झालं असं शाळेत शिकवतात. उत्तमकाका बदामाचा एक्का पाटीवर कसा आपटायचे हे ज्यानं पाहिलं आहे, तो उल्केवर एवढ्या लवकर विश्वास ठेवणार नाही.

पानांच्या मोठेपणाला काकांची स्वतःची नावं होती. जोडी, दोन जोड्या, तिकडी इथपर्यंत सरळ. ओळीनं पाच पानं आली की 'रांग', आणि ती रेशनच्या दुकानापुढच्या रांगेसारखीच. मधला एक माणूस सुटला की सगळी मोडली. पाची पानं एका रंगाची असली की 'एका आळीचे'. आणि तिकडी-जोडी एकत्र आली की 'लेकुरवाळं घर'.

"पाय बे विठ्ठल," काका डोळा मिचकावून म्हणायचे, "एका आळीचे पाचही जण एक झाले, तरी लेकुरवाळ्या घरापुढं हारतात."

विठ्ठलचे वडील गावातले मोठे जमीनवाले. काकांचं घर बुद्धविहाराकडच्या टोकाला. विठ्ठल हसायचा, पण फार जोरात नाही.

या सगळ्यांच्या वर चौकडी, आणि तिच्याही वर एकाच रंगाची ओळीनं पाच. ही मला आयुष्यात एकदाच लागली. इस्पिकची पंजी ते नव्वी. मी बोली करायला तोंड उघडलं आणि लाईन आली. लाईन आली की डाव तिथंच रद्द, हा दुसरा हुकूम. मोटार सुरू झाली, बाया डबे घेऊन आत शिरल्या, विठ्ठल पंप चालू करायला पळाला. वीज मंडळाला जगात बहुतेक एकाच माणसानं वेळेवर वीज दिल्याबद्दल शिव्या घातल्या आहेत, आणि तो मी.

सुरुवातीला मी इतका हरायचो की गावातल्या चिंचा संपत आल्या होत्या.

"हे काय केलं बे?" एकदा काकांनी माझी पानं उलटी करून विचारलं. "हातात काहीच नाही अन् शेवटपर्यंत आला?"

"मले वाटलं बदलीत येईन."

"कोण येईन? तुया मामा येईन?"

रफीक पोत्यावरून घसरेपर्यंत हसला. काकांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि तो सरळ बसला.

"पाच पानं हातात आले म्हणून खेळाच लागते असं नाही," ते मला म्हणाले. "पाचातले चार डाव टाकाचे असतात. ज्याले टाकता येत नाही त्यानं गोट्या खेळाव. पंधरा दिवस तू फक्त टाकशीन. पानं पाहाचे, टाकाचे, अन् मंग बाकीच्याचे तोंडं पाहाचे."

त्या पंधरा दिवसांत मी जे शिकलो ते मला पंधरा वर्षांच्या शाळेनं शिकवलं नाही. विठ्ठलला चांगली पानं आली की तो आवंढा गिळायचा. त्याचा आवंढा इतका मोठा की मोताळ्याच्या बाजारात बसलेल्या माणसालाही त्याची पानं कळली असती. रफीकच्या हातात काही नसलं की तो मोटारीच्या तारेबद्दल बोलायला लागायचा. बोली शेवटी आपल्यावर आली तर सगळ्यांचं ऐकून घ्यायला मिळतं, म्हणून चांगल्या जागी थोडं जास्त धाडस करायचं आणि आपल्याला आधी बोलावं लागत असेल तर जपून राहायचं. तीन डाव हरलो म्हणून चौथा रागानं खेळायचा नाही. हे सगळं काका सांगायचे नाहीत. आपण चुकलो की पाटीवर एक बोट वाजवायचे, बस.

"अन् मायं काय दिसते?" मी शेवटी विचारलं.

"तुयं?" काका, रफीक, विठ्ठल, तिघंही एकदम हसले. "तुले चांगले पानं आले की तू गप बसतो बे. दिवसभर वटवट, अन् एकाएकी खामोश! आम्ही लगेच पानं टाकतो."

मी उपाय काढला. पानं कशीही येवोत, बोलत राहायचं. राणी आली तरी गोष्ट, दुर्री आली तरी गोष्ट. तेव्हापासून मी बोलतोच आहे.

आता त्या हिरव्या राणीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. कॅट छावणीतला, जुना. त्यातली चौकटची राणी एका पावसाळ्यात हरवली. काका नवा कॅट आणायला तयार नव्हते. रफीकनं बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर राणी काढली. तिला मिशा का आल्या हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पुठ्ठ्याची मागची बाजू हिरवीगार. बाकी एकावन्न पानांच्या पाठी निळ्या आणि ही एक हिरवी. म्हणजे ती कुणाच्या हातात आहे ते चौघांनाही लखलखीत दिसायचं.

"मंग खेळाचं कसं?" विठ्ठलनं विचारलं.

"दिसली तरी दिसली नाही," काका म्हणाले. "एकावन्न पानं झाकेल हायेत, तिथं कोणीही इमानदार राह्यते. एक उघडं हाय. त्याचा मान ठेवता आला तं खरा खेळाडू."

आणि आम्ही ठेवला. रफीकनं एकदा विठ्ठलच्या हातातली हिरवी पाठ बघून पानं टाकली, हे काकांच्या लक्षात आलं. तीन दिवस त्याला पाटीवर बसू दिलं नाही. बिचारा दारात बसून नुसता वास घ्यायचा. त्यानंतर आमची नजर त्या हिरव्या चौकोनावरून अशी घसरून जायची जशी तेलावरून पाण्याचा थेंब. काही महिन्यांनी तर मला शपथेवर वाटायला लागलं की ती मला खरोखरच दिसत नाही. बघूनही न बघण्याची ती अदब आमच्या रक्तात मुरली. आम्हाला तिचा गर्व होता.

सात वर्षं अशी गेली. पावसाळ्यात पानं फुगायची, मग ती एकेक करून मोटारीच्या उबदार पाठीवर वाळत घालायची. उन्हाळ्यात पत्र्याखाली चौघांच्या भुवया पिठानं पांढऱ्या आणि घामानं त्याची कणीक. हिवाळ्यात विठ्ठलच्या मळ्यातल्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून यायच्या आणि पानांना हिरवट खारा वास लागायचा. तीनच्या सुमाराला काकू गवती चहा घेऊन यायच्या. कप ठेवून लगेच जायच्या नाहीत, ताट छातीशी धरून थोड्या थांबायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांनाही खेळ आवडतो.

इथून पुढं मी काही वाढवून सांगणार नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काका गळ्याला दुपट्टा गुंडाळून बसले. बाहेर उकाडा होता. पानं वाटताना दुपट्टा थोडा सरकला आणि डाव्या कानाखाली आवळ्याएवढी गाठ दिसली. मला दिसली. विठ्ठलनं आवंढा गिळला, म्हणजे त्यालाही दिसली. रफीक मोटारीच्या तारेबद्दल बोलायला लागला. काकांनी दुपट्टा सारखा केला.

"पिठानं घसा धरला," ते म्हणाले. "बोल बे, तुयी बोली हाय."

मी बोली केली.

दुसऱ्या दिवशी दुपट्टा होता. तिसऱ्या दिवशीही. मग तो रोजचाच झाला, आणि आमची नजर त्याच्यावरून घसरून जायला शिकली. दिवाळीनंतर काका जेवायलाही घरी जाईनात. काम वाढलं म्हणून डबा गिरणीतच मागवायचे. डब्यातली भाकरी पाण्यात भिजवत ठेवायचे, बराच वेळ, आणि त्यातलीही थोडीच खायचे. उरलेली कुत्र्याला. त्या हिवाळ्यात गिरणीचं कुत्रं जाड झालं. तुरीच्या शेंगा काका हातात घ्यायचे, सोलायचे, दाणे पाटीवर एका ओळीत मांडायचे आणि विसरल्यासारखं करायचे. आवाज बारीक होत गेला. पाण्याचा घोट घेतला की त्यांचे डोळे क्षणभर मिटायचे आणि त्या क्षणात, आयुष्यभर ज्या चेहऱ्यानं कुणाला कधी एक पान कळू दिलं नाही, त्यावर सगळं उघडं पडायचं. आम्ही तिघं तेवढ्या वेळात आपापली पानं बघायचो. अतिशय लक्ष देऊन बघायचो.

आपसातही आम्ही बोललो नाही. एकदा परतताना रफीक म्हणाला, "आज काका..." आणि थांबला.

"आज काका जोरात होते," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. मग आम्ही विहारापर्यंत दुसरंच काहीतरी बोलत गेलो.

मी त्या महिन्यांत जितकं बोललो तितकं कधी बोललो नसेन. एकावर एक गोष्टी. वाघाच्या, भुताच्या, मेहकरच्या एका माणसानं बस खांद्यावर घेतली त्याच्या. काका हसायचे. हसताना हात गळ्यावर जायचा.

संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली होती तेव्हा काका दळणाचा डबा उचलताना पडले. मग मात्र आम्ही विठ्ठलच्या गाडीत घालून त्यांना अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. काकू बरोबर होत्या. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, दमलेले. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. काकू तेव्हा बाटली भरायला नळावर गेल्या होत्या.

"ही गाठ केव्हापासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोळ्यापासून," आम्ही तिघंही म्हणालो. एकदम. एका सुरात.

त्या चार महिन्यांत आम्ही एकमेकांशी या गोष्टीबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो, आणि तिघांनाही दिवस पाठ होता. आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही. डॉक्टरांनी मात्र आमच्याकडं पाहिलं, एकेकाकडं, सावकाश.

"तेव्हाच आणायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "तेव्हा काहीतरी करता आलं असतं."

काकू बाटली घेऊन आल्या. "काय म्हणे डॉक्टर?"

रफीक भिंतीकडं वळला. विठ्ठल खाली बघत होता. बोलायचं काम नेहमी माझं.

"एकाएकी वाढलं म्हणतात काकू," मी म्हणालो. "आधी कोणालेच समजलं नसतं."

ही ती थाप. माझ्या आयुष्यातली सगळ्यात साधी. तिच्यात वाघ नाही, भूत नाही. काका आठवड्याच्या आत गेले. जलदान विधीच्या दिवशी विहारात वंदना चालू असताना मी पाठीमागे बसलो होतो आणि लाईन गेली. लाऊडस्पीकर बंद पडला, पण लोकांचे आवाज तसेच चालू राहिले, उलट मोठे झाले. आम्ही तिघं पुन्हा कधी पाटीवर बसलो नाही. काकूंनी स्वतः गिरणी चालवली, वर्षानुवर्षं. दगडाला टाकी घालायलाही शिकल्या. आता रफीक मुलाकडं संभाजीनगरला असतो, विठ्ठल पुण्याला लेकीच्या मुलांना शाळेत पोचवतो. गावात दुपारभर लाईन असते.

"भेटला का डबा?"

काकू दारात उभ्या होत्या. अंगानं बारीक झाल्या आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. हातात सूप होतं, त्यात तुरीची डाळ. पायरीवर बसल्या आणि खडे निवडायला लागल्या. मी डबा घेऊन शेजारी बसलो.

"भेटला," मी म्हणालो.

"लय दिवस पाह्यत होती मी त्याच्याकडं. फेकू का नको."

समोरून एक ट्रॅक्टर गेला. मी बसमध्ये वाक्यं जुळवून आणली होती. चांगली वाक्यं होती. एकही सापडेना.

"काकू, एक सांगाचं हाय."

"सांग ना." त्यांनी वर पाहिलं. मी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. त्या पुन्हा सुपात बघत म्हणाल्या, "तवर मीच एक सांगू का? गिरणी चालली, तं मनात येऊन राह्यलं."

"सांगा."

"मले तो दुपट्टा दिसत होता बाबू. मी काय आंधळी होती? इचारलं तं म्हणे पीठ. जास्त इचारलं तं मायावर खेकसत. मंग मी काय करू? मी चाय घेऊन येत जाय अन् तुमचे तोंडं पाह्यत जाय. म्हनलं, हे तिघं चार-चार तास समोर बसतात. वाईट काही असन तं याईच्या तोंडावर दिसन." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "रोज पाह्यलं. काईच नव्हतं तुमच्या तोंडावर. तू तं हासत होता. मंग मी घरी जाऊन निवांत भाजी चिरे."

मी त्यांच्या बोटांकडं बघत बसलो. आम्हाला वाटायचं त्यांना खेळ आवडतो. त्या पानं बघत नव्हत्या. चहाचं ताट छातीशी धरून त्या रोज तीन चेहरे वाचत होत्या, आणि ते चेहरे तयार केले होते त्यांच्याच नवऱ्यानं, सात वर्षं मेहनत घेऊन. माझ्याइतका गावात कुणी सुधारला नव्हता. मला वाटलं, आपण पहिल्या दिवसासारखे कच्चेच राहिलो असतो तर.

"आम्हाले दिसलं होतं काकू," मी म्हणालो. "पोळ्यापासून. डॉक्टर म्हणे, तेव्हाच आणाले पाहिजे होतं. एकाएकी वाढलं हे मी मनचं सांगतलं तुम्हाले."

बोटं थांबली.

"तिघायलेही दिसलं होतं?"

"तिघायलेही."

आत कुठं तरी विजेच्या मीटरचा गुणगुण आवाज चालला होता. इतकी वर्षं या गिरणीत बसलो पण तो कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता त्या सूप फेकतील. वाटलं, जा म्हणतील. दोन्हीला मी तयार होतो.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "दुखत होतं का त्याईले?"

पन्नाशीकडं चाललेल्या या जन्मात माझ्यावर एवढ्या मोठ्या बोलीची वेळ आली नव्हती. 'नाही' म्हणणं फार सोपं होतं. त्यांनी ते मानलं असतं. कदाचित ते ऐकायलाच बसल्या होत्या. आणि माझा चेहरा, मला खात्री आहे, बिलकूल हलला नसता.

"लय दुखत होतं काकू," मी म्हणालो. "पाणी पेतानाही. भाकरी तं भिजूनही गिळत नव्हती. कुत्र्याले टाकत होते."

काकूंनी सूप पायरीवर ठेवलं. उठल्या. माझ्याकडं न बघता गिरणीत गेल्या, दगडापुढं उभ्या राहिल्या, आणि जन्मभर नवऱ्याला 'अहो' म्हणणारी ती बाई कडाडली.

"काऊन रे? काऊन नाही सांगतलं मले? मी परकी होती? पस्तीस वर्षं भाकरी थापली तुयासाठी, अन् गिळत नाही एवढं सांगाले तुले तोंड नव्हतं? बाजरीची कडक भाकरी देत राह्यली रे मी तुले! वरून ठेचा देत राह्यली! अन् तू धुतलेला डबा पाठवे घरी! मी खूश, का बुढ्यानं सारं खाल्लं!"

आवाज पत्र्याला लागून परत येत होता. मी उठलो नाही. माझं तोंड ओलं झालं होतं आणि मी ते पुसलं नाही. शेजारच्या घरातली बाई घाबरून भिंतीवरून डोकावली.

"कोणाशी भांडून राह्यल्या हो काकू?"

"काकांशी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं, गिरणीच्या दाराकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिथंच भिंतीला हात टेकून उभी राहिली. आत काकूंचा आवाज फुटत फुटत खाली आला होता. ज्वारीच्या कण्या किती मऊ शिजवल्या असत्या, त्यात ताक किती घातलं असतं, आणि मीठ अगदी थोडं, घशाला झोंबू नये इतकंच, हे त्या त्याला सांगत होत्या.